लेकराचा जीव परवानगीवर टांगू नका



मधुमेह म्हणजे पोट सुटलेल्या साहेबांचा आजार, हा समज आपल्या वस्त्यांमध्ये अजून पक्का आहे. म्हणून एखाद्या लेकराला 'साखर' निघाली की लोक आईलाच विचारतात, "गोड फार खाऊ घातलंस का?" टाइप १ मधुमेहाचा गोड खाण्याशी संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. यात आईचा दोष नाही, करणी नाही, मागच्या जन्मीचे पाप तर नाहीच. ज्या कर्मसिद्धांताने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, तो आजारी लेकराच्या माथी आपणच का मारायचा?

वस्तीत काम करताना आम्हाला सहावीतली एक मुलगी भेटली. सकाळी इन्सुलिन टोचून, अर्धी भाकर खाऊन ती शाळेत जायची. खिचडी यायची एक वाजता, कधी दीडला. अकरा-साडेअकराला तिला घाम फुटायचा, हात थरथरायचे, फळा धूसर व्हायचा. दप्तरात बिस्किटे होती, पण वर्गात खायचे नाही हा नियम. डोके बाकावर टेकले की शेरा ठरलेला: "यांना शिकायचं नसतं, नुसती खिचडी पाहिजे." हा 'यांना' नीट ऐका. दुसऱ्या आळीतले पोर पेंगले तर त्याला बरे नसते, आपले पेंगले तर ते आळशी! एक दिवस ती कवायतीत कोसळली. फिट आली समजून कुणी तिला कांदा हुंगवला. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिल्यावर ती शुद्धीवर आली.

हे टाळायला मोठे ज्ञान लागत नाही. रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की धोका सुरू होतो. लेकरू शुद्धीत असेल तर लगेच १५ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे तीन चमचे, पाण्यात विरघळवून पाजायची. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे. साखर कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. बरे वाटल्यावर पोळी किंवा बिस्किटे द्यायची. यंत्र जवळ नसेल आणि लक्षणे दिसत असतील, तर वाट न पाहता साखर द्यायची. त्याला एकटे सोडायचे नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवायचे आणि १०८ ला फोन करायचा. अशा वेळी इन्सुलिन मुळीच टोचायचे नाही. उलट फार तहान, वारंवार लघवी, उलट्या, जोरजोरात श्वास दिसला तर साखर वाढलेली असू शकते. तेव्हा थेट दवाखाना गाठायचा.

"आम्ही डॉक्टर नाही," असे शिक्षक म्हणतात. त्यात आपले समाजबांधव शिक्षकही आहेत. त्यांच्यावर कामांचा बोजा आहे, हे आम्ही मान्य करतो. पण साखरपाणी पाजायला डॉक्टर लागत नाही, माणूस लागतो. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवले आहे की अशा मुलांना शाळेत साखर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळी खाऊ द्या. ही दया नाही. दर तासाला जीव मुठीत धरून बसावे लागत असेल, तर ६ ते १४ वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क कागदावरच राहतो.

शाळेत तहान लागली तरी शिपाई येईपर्यंत बालपणी बाबासाहेबांना पाणी मिळत नसे. पुढे मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले. ते पाणी आणि ही बिस्किटे एकच, असे आम्ही म्हणत नाही. पण शरीराची गरज दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेली असणे, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के पालक असतात. त्या बैठकीला आपण जातो का? जयंतीच्या मिरवणुकीला जेवढी तरुणाई येते, तिच्यातले चार जण पुढच्या बैठकीला जा. वर्गातल्या कपाटात साखरेचा डबा, भिंतीवर वरच्या सूचना, अशा मुलाला कधीही खाण्याची व लघवीला जाण्याची मुभा आणि पालकांचा फोन नंबर, एवढा ठराव लिहून घ्या. ठरावाची प्रत मागा. नाही दिली तर पुढच्या बैठकीला दहा जण जा.

जय भीम! नमो बुद्धाय!