डोंगरानं वाटलेलं आभाळ

सांगलीत पूर येतो तेव्हा सांगलीत पाऊस असतोच असं नाही. ऑगस्टमधल्या एखाद्या सकाळी गावावर लख्ख ऊन पडलेलं असतं, गच्च्यांवर कपडे वाळत असतात, आणि आयर्विन पुलाच्या कठड्याशी माणसं वाकून फुटांचे आकडे वाचत असतात. ‘आज किती?’ हा प्रश्न त्या दिवसांत पेठेत, बँकेत, दवाखान्यात एकाच अर्थानं विचारला जातो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. तिथवर पोहोचायच्या आतच सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगरातल्या लोकांनी सामान माळ्यावर चढवलेलं असतं. १९२९ सालच्या या पुलानं २००५ मध्ये ५३ फुटांच्या वर पाणी पाहिलं आणि २०१९ च्या ऑगस्टात ५७ च्याही वर.

पुलावरची माणसं आभाळाकडे फारशी बघत नाहीत. कोयनेच्या खोऱ्यातल्या नवजाला किती झाला, महाबळेश्वरला किती, कोयनेतून किती सोडलंय, याची ती चौकशी करतात. सांगलीचा स्वतःचा पाऊस वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्या पावसात कृष्णा गावात शिरणं कठीण. तिच्यातून येतं ते दुसऱ्याच्या अंगणात पडलेलं पाणी. महाबळेश्वराला उगम पावलेली कृष्णा वाईवरून येते, माहुलीला तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना समोरासमोर येऊन भिडते, आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं. तिथून सोडलेलं पाणी सांगलीला यायला दिवस-दीड दिवस लागतो. वर पडलेला पाऊस खाली कळतो तो असा, उशिरानं आणि फुटांत.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची हवा समजून घ्यायची तर एकाच वाऱ्याच्या मागून चालत जावं लागतं. जूनमध्ये अरबी समुद्रावरून नैऋत्येचा वारा येतो तो बाष्पानं भरून. कोकणपट्टीवर तो अंगाला चिकटतो, घाम वाळू देत नाही. महाड-पोलादपूरच्या पुढं त्याला एकदम सह्याद्रीची भिंत आडवी येते आणि काही किलोमीटरांच्या अंतरात हजार-तेराशे मीटर वर चढावं लागतं. हवा वर चढली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती पसरते, आणि पसरताना गार होते. सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह दाबून हवा सोडली की बोटाला गारवा लागतो, तो याच कारणानं. कोरडी हवा किलोमीटरभर चढली तर साधारण १० अंशांनी थंड होते. गार हवेत तेवढं बाष्प मावत नाही, त्याचे थेंब होतात, ढग बनतो. थेंब होताना बाष्प समुद्रावर घेतलेली उष्णता परत देतं, म्हणून त्यापुढं ढगातली हवा किलोमीटरला पाच-सहा अंशांनीच थंड होते आणि नेटानं आणखी वर जाते. आंबेनळी घाटात जुलैत जे पांढरं उसळताना दिसतं ते हेच काम चाललेलं असतं.

त्या कामाचा हिशेब महाबळेश्वरात होतो: वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरभर जागेवर एक लिटर पाणी. तिथला जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे की ढग तिथं वर नसतो, खिडकी उघडली की घरात असतो. काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं, चपलांवर बुरशी चढते. भिंतींना वाळक्या गवताचे आडोसे बांधायची जुनी पद्धत आहे, कारण पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. गडगडाट मात्र फारसा नसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१२ पासून महाबळेश्वरात ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा चालवली आहे. ढग आयता दारात येतो, त्याच्यामागं विमान पाठवावं लागत नाही, म्हणून ही जागा. घाटमाथ्यावरचा बराचसा पाऊस बुटक्या, उबदार ढगांतून पडतो. त्यांत बर्फ होण्याइतकी उंची नसते, थेंब थेंबाला मिळत मोठा होतो आणि कोसळतो. दिवसदिवस न थकता पडणारी ही झड उंच ढगांची नव्हे.

आणि मग पसरणीचा घाट. पाचगणी सोडली, धोमचं पाणी खाली दिसायला लागलं की वायपरचा वेग कमी करावा लागतो. शेवटच्या वळणांना तो बंदच होतो. वाईत उतरावं तर रस्ता कोरडा, गणपतीच्या घाटावर बायका कपडे धूत आहेत. महाबळेश्वर ते वाई जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर, आणि पाऊस सातपटीनं कमी. डोंगर ओलांडलेली हवा आता खाली उतरते, दाबली जाते, आणि किलोमीटरला जवळपास १० अंशांनी तापत जाते. जे उरलंसुरलं ढगात होतं ते पुन्हा बाष्प होऊन दिसेनासं होतं. ढग वाईवरून जातो, पण विरत जातो.

वाईच्या पुढं, खटाव-माण ओलांडून आटपाडी, कवठेमहांकाळ, जतकडे गेलं की जुलै अगदी वेगळा असतो. तो सोसायला फार कठीण, असं मला नेहमी वाटत आलंय. ऊन नसतं. आभाळ भरलेलं असतं, आणि ते पळत असतं. पश्चिमेकडून ढगांचे थवे एकामागून एक येतात, डोक्यावरून पूर्वेला निघून जातात. वारं एवढं की बोलणं ऐकू येऊ नये. मधूनच बुरबुर येते, धूळ बसते न बसते तोच वाऱ्यानं पुन्हा उडते. बाजरीचं पीक हाताच्या वितीएवढं येऊन थांबलेलं असतं. हाच वारा चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या फिरवून आलेला असतो. या माणदेशात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, काही वर्षी त्याच्या निम्माही नाही. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’ १९५५ साली लिहिली. तिच्यातलं गाव शेवटी दुष्काळानं रिकामं होतं. त्यासाठी त्यांना कल्पना लढवावी लागली नसणार.

पण या कोरडेपणाच्या आधारानं किती गोष्टी उभ्या आहेत! आषाढी वारीचंच बघा. ऐन पावसाळ्यात लाखो माणसं पायी निघतात, नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरतात, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत उघड्यावर मुक्काम ठोकतात. ही वाट घाटमाथ्याच्या पूर्वेची, पर्जन्यछायेतली. पाऊस लागतो, पण महाबळेश्वराचा नव्हे. हीच वाट पश्चिमेला घाटमाथ्यावरून जात असती, तर तंबूही उभे राहिले नसते. माझ्या मते वारीला डोंगराची मोठी साथ आहे.

तासगाव-कवठेमहांकाळ भागातला बेदाणा तर सरळसरळ हवेतूनच निघतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये या गावांत शिरलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेड दिसतात. वर पत्रा, बाजूंना हिरवी जाळी, आत जाळीचे मजले एकावर एक. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, त्यानं मण्यावरचा मेणाचा थर सुटतो आणि आतलं पाणी बाहेर यायला वाट होते. मग जाळीवर पसरायचे. पुढं पंधराएक दिवस माणसानं करण्यासारखं थोडं असतं, काम वारा करतो. चौथ्या-पाचव्या दिवशी आत उभं राहिलं तर गोडसर, किंचित आंबूस वास येतो. मणी हाताला मऊ लागतो, सालीवर बारीक सुरकुती धरलेली असते. सावलीत, कोरड्या वाऱ्यात वाळला तर रंग हिरवट राहतो. हवेत ओल वाढली की तोच काळपट पडतो आणि बाजारात दर खाली येतो. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कागदावर नाव सांगलीचं आहे, पण ते मानांकन त्या कोरड्या वाऱ्यालाही मिळालंय असं मी मानतो.

म्हणूनच इथं ‘ढगाळ हवामान’ एवढे दोन शब्द ऐकले की द्राक्षवाल्याची झोप उडते. ऑक्टोबरात छाटणी झालेली, कोवळी फूट, फुलोरा. त्यावर दोन दिवस ढग आणि रिमझिम आली की दावण्या रोग येतो. रात्री-बेरात्री ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून फवारण्या सुरू होतात. माणच्या शेतकऱ्याला जो ढग हवा असतो, तो तासगावच्या बागेत नको असतो, आणि दोघांत अंतर फारसं नाही.

माणदेशाचा खरा पाऊस येतो तो उलट बाजूनं. नैऋत्येचा जोर ओसरतो, लोक म्हणतात वारं फिरलं. दिवसभर जमीन तापते, दुपारी पूर्वेला ढग उभे राहायला लागतात, बुटके नव्हेत, दहा-बारा किलोमीटर उंचीचे, माथ्यावर बर्फ असलेले. संध्याकाळी कडाडून वीज पडते आणि तासाभरात ताली भरतात. उत्तरा, हस्त या नक्षत्रांकडे इथं डोळे लागलेले असतात, कारण रब्बीची ज्वारी, आमचा शाळू, याच ओलीवर पेरायचा असतो. या पावसातलं पुष्कळ बाष्प बंगालच्या उपसागरावरून येतं. कृष्णाही शेवटी तिथंच जाऊन मिळते.

एका जागची आजची हवा कशी, हे दारातून बाहेर डोकावलं की कळतं. तिथलं हवामान मुळात कसं, हे कळायला तीस-तीस वर्षांच्या नोंदी लागतात. आपल्या लोकांनी या नोंदी वह्यांत कमी आणि वागण्यात जास्त ठेवल्या: शाळू कधी पेरायचा, मेंढरं कधी पश्चिमेला न्यायची, हळदीचं पेव नदीपासून किती उंचावर खणायचं. हरिपूरच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं सुरक्षित राहायची. २००५ च्या पुरानं ती पेवं बुडवली. जुनी सवय तिथं कामी आली नाही.

आता तर हवामानच बदलतंय. हवा एका अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळं पाऊस रोज थोडा थोडा वाढेल असं नाही. तो थांबून राहतो आणि एकदम येतो. हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली मांडलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरलेल्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. आमच्याकडे त्याचा अर्थ २०२१ च्या जुलैत कळला. २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळपास ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. माणला वर्षभरात पडतो त्याहून जास्त, एका दिवसात. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. माणसं झोपेत गेली. दोन-तीन दिवसांत सांगलीत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर चढलं.

आणि याच कृष्णेचं पाणी २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींत भरून लातूरला न्यावं लागलं होतं. म्हैसाळ, टेंभू, ताकारीच्या योजना नदीतून उपसलेलं पाणी चढावर ढकलत कवठेमहांकाळ, जत, आटपाडीपर्यंत नेतात, ते वेगळंच. डोंगरानं जे पश्चिमेला ठेवून घेतलं, ते माणूस वीज जाळून पूर्वेला पोहोचवतो आहे. ते करायलाच हवं. पण पूर्वेच्या माणसाला पश्चिमेच्या पावसाची खबर मात्र तेवढ्या तत्परतेनं पोहोचत नाही, याची मला खंत वाटते.

खबर ठेवायला फार काही लागत नाही. सरळ भिंतीचं भांडं, उघड्यावर, झाडाच्या आडोशात नाही. सकाळी साडेआठला पट्टी बुडवायची, आकडा वहीत. सरकारी केंद्रं आहेत, पण आमच्या मुलखात डोंगराच्या एका सोंडेच्या अलीकडे आणि पलीकडे पाऊस दुप्पट-तिप्पट बदलतो, तिथं एका केंद्राचा आकडा शेजारच्या खोऱ्याला लागू पडत नाही. पाटणच्या वरच्या अंगाच्या प्रत्येक वाडीत, शाळेत, असं एक भांडं असावं आणि जोराच्या पावसात ते तासातासानं बघितलं जावं. संध्याकाळपासून दोनशे मिलिमीटर झालाय, असा फोन रात्री दहाला डोंगराखालच्या वस्तीला गेला तर माणसं पोरांना उचलून बाहेर पडू शकतात. तोच आकडा नदीकाठच्या सांगलीवाडीला कळला, तर तिथं जनावरं सोडवायला अख्खा एक दिवस मिळतो.