डब्यावरचं बाळ

ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात, त्या गावात दुधाची पावडर विकत आणायची म्हणजे आज्जीच्या हिशेबी कोल्हापूरची अब्रूच गेली. तरी सत्तरच्या आसपास शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या घरांतून तो पत्र्याचा डबा शिरलाच. कुठं जुळी झाली, कुठं बाळंतीण तापानं फणफणली, कुठं मास्तरीणबाईंची रजा संपली. आणि कुठं "हिच्या अंगावर दूधच न्हाई" असा निकाल सासूनं चौथ्या दिवशीच देऊन टाकला. हा निकाल पुष्कळदा घाईचा असायचा. पण त्या काळी सासूच्या निकालावर अपील नव्हतं.

अमूलस्प्रे, लॅक्टोजेन, ऑस्टरमिल्क ही नावं आम्हा भावंडांना पाढ्यांइतकी पाठ. गुटगुटीत पोराला सरसकट ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणायचे, मग ते नाचणीच्या सत्त्वावर वाढलेलं का असेना. डबा नेहमी मिळेलच याचा भरवसा नसे. ओळखीच्या दुकानदाराला सांगून तो बाजूला ठेवून घ्यावा लागे. रिकामा झाल्यावर त्यात मोहरी जायची आणि आतला मापाचा चमचा चहाच्या पुडीत.

त्याआधी वरचं दूध पाजायला घरोघरी बोंडलं असायचं. बऱ्या घरात चांदीचं, बाकीच्यांकडं पितळेचं. बाटली आली ती होडीच्या आकाराची, काचेची, दोन्ही टोकांना उघडी. एका तोंडाला बूच, दुसऱ्याला हवा आत घेणारी रबरी टोपी. घासायला सोपी, फोडायला त्याहून सोपी. ती पातेल्यात बुडवून स्टोवर उकळायची, चिमट्यानं काढायची, उकळून कोमट केलेलं पाणी औंसाच्या खुणेपर्यंत भरायचं, पावडर सपाट चमच्यानं मोजून घालायची आणि एक थेंब मनगटाच्या आतल्या अंगावर टाकून बघायचा. बुचाला भोक पाडणं हा स्वतंत्र विषय होता. सुई तापवून टोचायची. भोक बारीक राहिलं तर बाळ ओढून ओढून रडतं, मोठं झालं तर ठसका. आमच्याकडं हा अधिकार थोरल्या काकीचा. शेजारच्या बायकासुद्धा नवं बूच घेऊन तिच्याकडं यायच्या आणि ती गॉगल लावल्यागत चष्मा सरसावून सुई लाल होईपर्यंत ज्योतीत धरायची.

बाटलीमुळं एक झालं. बाळ आईच्या खोलीतून सोप्यावर आलं. अंगावर पाजायचा मान एकटीचा, पण बाटली कुणीही धरू शकत होतं. आत्ती धरायची, शाळेतनं आलेली बहीण दप्तर टाकून धरायची. स्वतःच्या पोरांना चारचौघांत कधी मांडीवर न घेतलेले आजोबा रात्री दोन वाजता मांडी घालून बसायचे, "हवा जाती का बघ गं" म्हणून बाटली तिरकी करायचे. दूध झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढायचे. पुरुषांनी पोर सांभाळल्याच्या गोष्टी आमच्या घरात सुरू झाल्या त्या या डब्यापासून, हे मी ठामपणे म्हणेन.

पण सगळ्याच घरांत पातेलं उकळत नव्हतं. डबा महाग, म्हणून आठवड्याचा पंधरा दिवस पुरवायचा. चमचे कमी, पाणी जास्त. ते पाणीही कच्चं. पोट दिसायला भरायचं, पोर मात्र वाळत जायचं, आणि हगवण लागली की धावपळ थेट सीपीआर रुग्णालयापर्यंत. असंच जगभर चाललं होतं. 1974 मध्ये इंग्लंडात ‘द बेबी किलर’ नावाची पुस्तिका निघाली, 1977 मध्ये अमेरिकेत नेस्लेवर बहिष्कार सुरू झाला, 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या मालाच्या जाहिरातबाजीवर आचारसंहिता आणली. आपल्याकडं 1992 चा कायदा आला. जाहिरात बंद, आणि डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र छापायलाही मनाई. ते गुबगुबीत बाळ गेलं आणि आईचं दूधच उत्तम, अशी सूचना आली. कायदा योग्यच होता. फक्त ज्या घरात खरोखर इलाज नव्हता, तिथल्या आईला ती सूचना रोज वाचावी लागली, एवढं खरं. आता डॉक्टर म्हणतात, वरचं द्यायचंच झालं तर बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा. बोंडलं मोडीत घातलं त्या आज्जीला हे ऐकवायला हवं होतं.

अब्रूची भाषा करणाऱ्या त्याच आज्जीचा पुढं उलटाच हट्ट होता. म्हशीच्या दुधानं पोर मठ्ठ होतं, त्यापेक्षा डबा परवडला! तिला कोण सांगणार, की म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही असं परदेशी तज्ज्ञ म्हणत असताना हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली, 1955 मध्ये आणंदला कारखाना उभा राहिला, आणि पुढं म्हैसूरच्या अन्न-संशोधन संस्थेच्या तंत्रानं अमूलचं बाळदूध झालं तेही म्हशीच्याच दुधाचं. म्हैस दारातून हाकलली, ती डब्यातून आत आली.

डब्यावर वाढल्याचा शिक्का मात्र पुसत नसे. तालमींच्या गावात तो जडच. धाकट्या चुलतभावाला आखाड्यात जोडीदारानं ललकारलं, "आईचं दूध प्यालायस काय?" हा लंगोट आवळत म्हणाला, "न्हाई. थोरल्या आईच्या हातची बाटली प्यालोय. ये." कुस्ती तो दोन मिनिटांत हरला, पण काकीनं त्या रात्री त्याला खुराकाचे बदाम स्वतः वाटून दिले आणि जोडीदाराच्या आईकडं महिनाभर हळदीकुंकवाला गेली नाही.