ब्रेकवरची बोटे

आपणही पहाटेच मोटारसायकलने अभ्यासकेंद्राकडे निघत असाल, म्हणून हे सांगतो. डिसेंबरात एटापल्लीहून आलापल्लीकडे निघालो होतो. अंगात दोन स्वेटर, हात मात्र उघडे. सागाच्या रानातील वळणावर गुरे आडवी आली आणि ब्रेकवरची बधिर बोटे वळेचनात! गाडी कशीबशी थांबली.

विजेवर तापणारी जाकिटेही मिळतात. काही गाडीच्याच १२ व्होल्ट बॅटरीवर चालतात. लहान गाडीला तो भार पेलेलच असे नाही. माझ्या खिशाला तर नाहीच. मी प्रथम वारा अडवणारे हातमोजे घेतले. छातीशी, स्वेटरखाली, वर्तमानपत्राची घडी ठेवली (घरचे हसले, हसोत). सुती कापड धुक्याने भिजले की गारठवते; लोकर ओलसर झाली तरी ऊब धरते. हातमोजे मात्र फार जाड नकोत. ते घालून गाडीचा क्लच आणि ब्रेक दाबून पाहावा, मगच पैसे द्यावेत.