लढाईच्या दिवसांतील एक अमेरिकन गाव

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलेला प्रवासी सॅन फ्रॅन्सिस्कोचा सुवर्णद्वार-पूल पाहतो, चढउतारांच्या रस्त्यांवरून दोरीने ओढल्या जाणाऱ्या ट्रामगाडीत बसतो आणि सर्व काही पाहून झाले अशा समाधानाने परत फिरतो. आम्हीही तसेच परतलो असतो. परंतु 'कंट्रोल', 'रेशन' आणि 'काळा बाजार' हे तीन शब्द आमच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. आणि ज्या देशात टंचाई हा शब्दच कोणास ठाऊक नसेल अशी आमची भाबडी समजूत, त्या देशातही एके काळी साखर मोजून मिळत होती, हे वाचल्यापासून ती हकीकत जागेवर जाऊनच समजून घ्यावी असे मनाने घेतले होते. म्हणून एका सकाळी आम्ही उपसागरापलीकडील रिचमंड या गावाची वाट धरली.

बोटीचा प्रवास अर्ध्या-पाऊण तासाचा. डाव्या हातास आल्कट्राझचे जुने तुरुंगाचे बेट मागे पडते, बोचरा वारा अंगावरचे पांघरूण उडवू पाहतो आणि अखेर धक्क्यालगत विटांची एक लांबच लांब इमारत दिसू लागते. तिच्या छपरावर करवतीच्या दातांप्रमाणे काचेची तावदाने बसविलेली आहेत. फोर्ड कंपनीने हा कारखाना 1930-31 साली मोटारी बांधण्यासाठी उभारला. 7 डिसेंबर 1941 रोजी जपानने पर्ल हार्बरवर बाँब टाकले आणि 1942 च्या फेब्रुवारीत सरकारने साऱ्या देशात खासगी मोटारी बांधणेच बंद केले. मग येथे सुमारे 49,000 जीपगाड्या जोडल्या गेल्या आणि रणगाडे सज्ज करून जहाजांवर चढविले गेले. कारखान्याशेजारच्या तेलघरात 2012 पासून युद्धकालीन गृहजीवनाचे संग्रहालय आहे. ज्या राष्ट्रीय उद्यानाचे ते अंग आहे, त्याचे नाव 'रोझी द रिव्हेटर'. लढाईच्या काळी कारखान्यात राबणाऱ्या स्त्रीचे हे अमेरिकेने ठेवलेले लाडके नाव होय.

गंमत अशी, की रिचमंडच्या रोझीने रिव्हेट फारसे ठोकलेच नाहीत. हेन्री कैसर यांच्या येथील चार गोद्यांत पोलादी पत्रे वेल्डिंगने जोडीत, कारण त्यास वेळ कमी लागे आणि नवशिक्या माणसास ते काम लवकर साधे. या चार गोद्यांनी युद्धकाळात 747 जहाजे पाण्यात सोडली. 1942 च्या नोव्हेंबरात 'रॉबर्ट ई. पियरी' हे मालवाहू जहाज तर त्यांनी अवघ्या साडेचार दिवसांच्या आसपास उभे केले. या उद्योगासाठी देशभरातून माणसे लोटली, आणि 1940 साली 24,000 च्या आत असलेली वस्ती तीन-चार वर्षांत लाखाच्या घरात गेली. एवढ्यांना घरे कोठून मिळणार? एकाच बिछान्यावर पाळीपाळीने तिघे निजत: एक कामावर जाई तोच दुसरा येऊन पडे, आणि अंथरुणाची ऊब म्हणून जाऊ नये. रात्रपाळी संपवून आलेल्यांसाठी चित्रपटगृहेही अहोरात्र उघडी असत.

आता गृहिणींच्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणजे भाव. गोदीतील कुशल कारागिरास तासाला 1 डॉलर 20 सेंट मिळत, त्या वेळी कायद्याने ठरविलेले किमान वेतन तासाला 30 सेंट होते. त्या काळचा डॉलर म्हणजे आपले साधारण तीन रुपये पाच आणे, आणि सेंट म्हणजे अर्ध्या आण्याहून किंचित अधिक. 1943 च्या सुमारास अमेरिकन शहरांत पौंडभर पावास सरासरी 9 सेंट पडत, पौंडभर साखरेस 7, घरपोच दुधाच्या क्वार्टास 15 ते 16, डझनभर अंड्यांस 57, पौंडभर कॉफीस 30 आणि दहा पौंड बटाट्यांस 46. सिनेमाचे तिकीट 30 सेंटच्या आसपास होते. कैसरच्या कामगारास आठवड्याला 50 सेंट दिले की डॉक्टर व इस्पितळ यांची सोय होई. या योजनेतूनच पुढे तेथील मोठी आरोग्यसंस्था वाढली. सारांश, मंदीत दहा वर्षे पोळलेल्या लोकांच्या हाती पैसा प्रथमच खुळखुळू लागला, आणि नेमक्या त्याच वेळी त्या पैशाने घ्यावे असे दुकानात फारसे उरले नाही.

अशा स्थितीत भाव आभाळास भिडावयाचे. ते भिडू नयेत म्हणून सरकारने दोन उपाय योजले. पहिला असा, की 1942 च्या मार्च महिन्यात दुकानदाराने ज्या वस्तूस जो सर्वांत अधिक भाव घेतला असेल, त्याहून अधिक पुढे घ्यावयाचा नाही. दुसरा उपाय शिधापुस्तिकेचा. 1942 च्या मे महिन्यात पहिली पुस्तिका निघाली. ती वाटण्याचे काम प्राथमिक शाळांतील शिक्षकांनी केले. माणशी आठवड्याला अर्धा पौंड साखर. नोव्हेंबरात कॉफीची पाळी आली: पाच आठवड्यांस एक पौंड. पेट्रोलचा साधा परवाना सुरुवातीस आठवड्याला चार गॅलनचा होता आणि वेगाची मर्यादा ताशी 35 मैल. 1943 च्या फेब्रुवारीत जोडे आले: वर्षास तीन जोड. मार्चमध्ये डबाबंद पदार्थ, मांस, लोणी व चीज यांवर 'गुण' बसले. महिन्यास माणशी 48 निळे गुण डब्यांसाठी आणि आठवड्यास 16 तांबडे गुण मांस-लोण्यासाठी. दुकानात प्रत्येक वस्तूवर दोन आकडे असत, एक सेंटांचा व एक गुणांचा. गृहिणीस दोन्ही हिशेब एकाच वेळी डोक्यात ठेवावे लागत. 1944 पासून गुणांची मोड म्हणून तांबड्या व निळ्या रंगांच्या चिमुकल्या चकत्या मिळू लागल्या. मुलांनी पत्त्यांच्या डावात त्या हरवल्या, की आईच्या संतापास पारावार उरत नसेल, असे आमच्या मनात आले.

स्वयंपाकघरच जणू रणांगणाची एक आघाडी झाले होते. तव्यातली उरलेली चरबी डब्यात साठवून खाटकाकडे द्यावयाची, कारण तिच्यातील ग्लिसरिनपासून स्फोटक द्रव्ये बनत. 1943 च्या अखेरीपासून पौंडभर चरबीस 4 सेंट व दोन तांबडे गुण मिळत. परसात, पडीक जागेत, मिळेल तेथे भाजीचे वाफे झाले. अशा 'विजयबागां'ची संख्या दोन कोटींच्या आसपास गेली होती, आणि खुद्द व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर एलिनॉर रूझवेल्ट यांनी एक बाग करविली. 1943 च्या जानेवारीत कापलेला पाव विकण्यास बंदी झाली, तेव्हा मात्र एवढा गिल्ला झाला, की मार्चमध्ये हुकूम परत घ्यावा लागला. नायलॉनचे मोजे 1940 च्या मे महिन्यात देशभर विक्रीस आले होते. ते नायलॉन आता हवाईछत्र्यांसाठी गेले. तरुणी पायांस रंग लावीत आणि पोटरीवर भुवयांच्या पेन्सिलीने शिवणीची रेघ ओढीत!

करमणुकीवरही युद्धाची छाया होती. 1942 साली बिंग क्रॉस्बीचे नाताळचे गाणे घरोघरी पोचले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'कासाब्लांका' हा चित्रपट न्यू यॉर्कात झळकला. 23 फेब्रुवारी 1942 च्या रेडिओभाषणापूर्वी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांस जगाचा नकाशा समोर ठेवून बसावयास सांगितले, तेव्हा नकाशांच्या विक्रीस ऊत आला. ग्रामोफोनच्या तबकड्यांची मात्र ओढाताण झाली. त्यांस लागणारी लाख मुख्यत्वे हिंदुस्थानातून जाई. ती युद्धकार्याकडे वळल्यामुळे जुन्या तबकड्या गोळा करून वितळवाव्या लागल्या. छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरील किड्यांनी केलेली लाख अमेरिकेतील नाचगाण्यांस आधार देत होती, ही गोष्ट आम्हांस फारच मौजेची वाटली. बाहू उंचावलेल्या, डोक्यास तांबडा रुमाल बांधलेल्या स्त्रीचे जे चित्र आज जगभर रोझी म्हणून मिरवते, ते 1943 साली वेस्टिंगहाऊस कंपनीच्या कारखान्यांत फक्त दोन आठवडे भिंतीवर होते. त्यास खरी कीर्ती मिळाली ती 1980 नंतर. त्या काळच्या लोकांस ठाऊक असलेली रोझी नॉर्मन रॉकवेल यांची होती, आणि ती मांडीवर डबा ठेवून निवांतपणे जेवत बसली होती.

लोकांनी हे सर्व का सोसले? काळा बाजार तेथेही होताच. मांसाचा, पेट्रोलचा, खोट्या तिकिटांचाही. तरीसुद्धा 1943 च्या वसंतापासून युद्ध संपेपर्यंत अधिकृत भाव फारच थोडे चढले, आणि 1946 च्या जूनअखेर कंट्रोलचा कायदा सुटताच ते उसळले. आमच्या अल्पमतीस याचे कारण असे दिसते, की साखरेचे तिकीट कारखानदाराच्या बायकोस जेवढे, तेवढेच वेल्डिंग करणारीस. शेजारणीच्या पिशवीत आपल्याइतकेच आहे हा विश्वास असला, म्हणजे माणूस अर्ध्या पौंडातही आठवडा काढतो.

परंतु दुकानाच्या फळीवरची ही समता दुकानाबाहेर फारशी आली नाही, आणि रिचमंडचे संग्रहालय हे लपवीत नाही, याबद्दल त्याचे कौतुक केले पाहिजे. काळ्या कामगारांस बॉयलरमेकर्स संघाच्या वेगळ्या शाखेत ठेवीत. वर्गणी पुरती द्यावयाची, मताचा अधिकार नाही. 1944 च्या डिसेंबरअखेर कॅलिफोर्नियाच्या वरिष्ठ न्यायालयाने ही रीत बेकायदा ठरविली, पण तोवर युद्धच संपत आले होते. अशाच एका शाखेच्या कचेरीत बेटी रीड सॉस्किन या तरुणी कारकुनी करीत. पुढे वृद्धपणी त्या याच उद्यानात अधिकारी झाल्या, आणि 2022 साली वयाच्या शंभराव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत येणाऱ्यांस सांगत राहिल्या, की रोझीची कथा गोऱ्या स्त्रियांची होती, आपली नव्हती. गावाच्या कडेस जपानी कुटुंबांच्या काचगृहांत गुलाब व कार्नेशन फुलत. 19 फेब्रुवारी 1942 च्या हुकमाने किनाऱ्यावरील सुमारे 1,20,000 जपानी वंशाच्या लोकांस छावण्यांत नेऊन ठेवले, त्यांत ही कुटुंबेही गेली. त्यांपैकी बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक होते. पुढे 1988 साली सरकारने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास 20,000 डॉलर देण्याचे ठरविले. ज्या देशाने पावाचा भाव सेंटापर्यंत बांधून दाखविला, त्यास या वस्तूचा भाव ठरविण्यास शेहेचाळीस वर्षे लागली.

हे वाचताना आमचे मन साहजिकच घराकडे गेले. ज्या 1943 साली रिचमंडच्या गृहिणी लोण्याचे गुण मोजीत होत्या, त्याच साली मुंबईत रेशन सुरू झाले, आणि त्याच साली बंगालमध्ये सुमारे 30 लाख माणसे दुष्काळात गेली असे मानतात. तेथे तांदूळ मुळीच नव्हता असे नाही. पण भाव गरिबाच्या हाताबाहेर गेला, आणि वेळेवर वाटणी करणारा कोणी नव्हता. शिधापुस्तिकेचे ते क्षुद्र तिकीट माणसाचा जीव वाचवू शकते, हे आम्हांस पुस्तकांतून समजले होते. त्या दालनात ते मनास भिडले.

परतीच्या बोटीस अवकाश होता, म्हणून पायी चालत मरिना बे उद्यानातील रोझीचे स्मारक पाहून आलो. 2000 साली झालेल्या या स्मारकाची पायवाट त्या मालवाहू जहाजाच्या कण्याइतकी लांब असून ती उतरत थेट पाण्यापर्यंत जाते. तिच्या टोकाशी आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. आमच्या आजीची रेशनकार्ड ठेवण्याची पत्र्याची डबी आम्हांस आठवली. युद्ध संपून किती वर्षे लोटली तरी ती डबी तिने देव्हाऱ्याखालून हलविली नव्हती, आणि तिला कोणी हात लावलेला तिला खपत नसे. लहानपणी आम्हांस त्याचे हसू येई. आता बोटीचा भोंगा वाजला तेव्हा ते हसणे आठवून आम्ही मनातल्या मनात तिची क्षमा मागितली.