स्वतःच्याच साथीला

रॉक संगीत मुळात सामूहिक आहे. ड्रमवर ठेका धरणारा, त्या ठेक्याला खालच्या स्वरांचा पाया देणारा बेसवादक आणि त्या दोघांच्या भरवशावर मोकळेपणाने फिरणारे गिटारवादक व गायक अशी तीन-चार माणसे एका खोलीत परस्परांकडे कान देऊन वाजवतात. त्यांच्यातला एक जण किंचित पुढे सरकला, की इतर त्याला आवरतात किंवा त्याच्याबरोबर धावतात, आणि या संगीतातला जिवंतपणा बऱ्याच अंशी या देवघेवीतून निर्माण होतो. अशा संगीताचा संपूर्ण अल्बम एखादा साँगरायटर, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही स्वतः रचणारा कलावंत, सगळी वाद्ये स्वतःच वाजवून एकट्याने ध्वनिमुद्रित करतो, तेव्हा ज्या देवघेवीवर हे संगीत उभे आहे तीच तेथे नसते. तरीही ऐकणाऱ्याला आपण एक गट ऐकत आहोत असे वाटते. हे कसे साधते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातील अत्यंत मानवी प्रश्नांपैकी एक आहे.

एकट्याने अनेक होण्याची इच्छा रॉकपेक्षा जुनी आहे. न्यू ऑर्लिन्सचे थोर जॅझवादक सिडनी बेशे यांनी 1941 मध्ये क्लॅरिनेट, दोन प्रकारचे सॅक्सोफोन, पियानो, बेस आणि ड्रम अशी सहा वाद्ये एकामागून एक वाजवून एक संपूर्ण तबकडी तयार केली होती. त्या वेळी आधीची तबकडी वाजवत ठेवून तिच्यावर नवे वादन चढवायचे आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचे एवढाच मार्ग उपलब्ध होता, त्यामुळे प्रत्येक नव्या वाद्याबरोबर आधीचे सगळे थोडे थोडे धूसर होत जाई. चुंबकीय फीत आल्यावर ही अडचण निम्मी सुटली, कारण एकाच फितीवर शेजारी शेजारी अनेक पट्टे, म्हणजे ट्रॅक, स्वतंत्रपणे मुद्रित करता येऊ लागले. उरलेली अर्धी अडचण अधिक सूक्ष्म होती. टेप यंत्रात फीत आधी मुद्रण करणाऱ्या हेडवरून आणि मग थोड्या अंतरावरच्या, ऐकवणाऱ्या हेडवरून जाते. त्यामुळे जुना ट्रॅक ऐकत ऐकत नवा वाजवला, तर त्या अंतराएवढा उशीर होऊन दोन्ही वादने एकमेकांशी जुळेनाशी होतात. अँपेक्स कंपनीच्या तंत्रज्ञांनी मुद्रणाच्या हेडलाच जुने ट्रॅक ऐकवण्याचे कामही दिले आणि हा उशीर नाहीसा केला. या सोयीसह बनवलेले आठ ट्रॅकचे यंत्र 1957 मध्ये गिटारवादक लेस पॉल यांच्या घरी पोहोचले, आणि माणूस कालच्या स्वतःबरोबर आज, कालचे वादन धूसर न करता, अचूक लयीत वाजवू शकेल अशी स्थिती प्राप्त झाली.

या शक्यतेचा सर्वांत हृद्य उपयोग ज्यांनी केला, त्यांपैकी एमिट ऱ्होड्स हे नाव आजही पुरेसे घेतले जात नाही. कॅलिफोर्नियातील हॉथॉर्न या गावात ते लहानाचे मोठे झाले. बीच बॉइज या गटाचे विल्सन बंधूही याच गावचे, आणि हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. ब्रायन विल्सन यांनी 1966 मध्ये आपल्या कल्पनेतले संगीत लॉस एंजेलिसच्या मोठ्या स्टुडिओंत निष्णात भाडोत्री वादकांचा ताफा बसवून उभे केले, तर त्याच गावच्या ऱ्होड्स यांनी चार वर्षांनी आईवडिलांच्या घराच्या आवारातच खोली सिद्ध करून चार ट्रॅकच्या यंत्रावर एकेक वाद्य स्वतः वाजवले. किशोरवयात ते पॅलेस गार्ड या गटात ड्रम वाजवत, पुढे मेरी-गो-राउंड या गटाचे गायक व गीतलेखक झाले, आणि तो गट मोडल्यावर एकटे पडलेल्या या तरुणाने आपल्या नावाचा अल्बम घरी तयार केला. 1970 च्या अखेरीस तो प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय 20 होते. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो 29 व्या क्रमांकापर्यंत चढला, आणि घरगुती यंत्रावरील एकट्याच्या कामाला हे यश थोडे नव्हते.

चार ट्रॅकमध्ये पियानो, ड्रम, बेस, गिटार आणि आवाजांचे थर बसवायचे म्हणजे जागेची सतत ओढाताण असते. भरलेले तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिन्हींवर पुढचे काम करायचे, याला या व्यवसायात बाउन्स करणे म्हणतात. असे एकत्र केलेले आवाज पुन्हा वेगळे करता येत नाहीत. ड्रम बेसच्या मानाने किती मोठा असावा याचा निर्णय बाकीचे गाणे अजून मनातच असताना घ्यावा लागतो आणि तो कायमचा ठरतो. शिवाय प्रत्येक उतरवणीत फितीची सरसर थोडी वाढते. म्हणून एकट्या वादकाला पहिला ट्रॅक वाजवतानाच शेवटचा ऐकू येत असावा लागतो. साँगरायटर टॉड रंडग्रेन यांनी 1972 च्या आपल्या दुहेरी अल्बमच्या चारपैकी तीन बाजू अशाच एकट्याने भरल्या, आणि ड्रमपासून आरंभ करताना गाणे फक्त मनात चालू ठेवले. ज्याला साथ करायची ती चाल खोलीत वाजतच नसताना ठेका धरणे, कुठे थांबायचे आणि कुठे उसळायचे हे स्मरणाच्या बळावर ठरवणे, हे कौशल्य रॉकच्या टीकाकारांनी फारसे गौरवलेले नाही. वाद्यावरच्या हुकमतीपेक्षा ते वेगळे आहे आणि अधिक दुर्मीळही आहे.

ऱ्होड्स यांचे गायन ऐकताना या पद्धतीचा आणखी एक परिणाम जाणवतो. मुख्य आवाजाच्या वर-खाली जुळलेले दुसरे-तिसरे स्वर त्यांचेच आहेत, त्यामुळे स्वरवर्णांचा उच्चार, श्वास सोडण्याची जागा, शब्दाच्या अखेरची किंचित घसरण या गोष्टी थरांथरांतून सारख्याच येतात, आणि सख्ख्या भावंडांच्या गाण्यात आढळतो तसा एकजीवपणा त्यांना लाभतो. वाद्यांचेही तसेच आहे. प्रत्येक वादकाची लयीशी वागण्याची एक सवय असते. पियानोवर जो हात एखादी मात्रा लवकर उचलतो, तोच हात बेसवरही तिथेच लवकर उठतो, आणि दोन वेगळ्या माणसांत जी चूक ठरली असती ती येथे शैली होऊन बसते. मात्र अशा संगीतात कोणीही कोणाला चकित करत नाही, हेही मान्य करावे लागते. पहिल्या ट्रॅकवरील वादक दुसऱ्याला ऐकू शकत नाही; ऐकणे एकाच दिशेने, आजकडून कालकडे, चालते. ऱ्होड्स यांच्या उत्तम गाण्यांत प्रसन्न चालींच्या तळाशी जो एकाकीपणा जाणवतो, त्याचे मूळ शब्दांइतकेच या एकदिश ऐकण्यातही असावे.

त्यांच्यावर कोसळलेले संकट मात्र वेगळ्याच बाजूने आले. रेकॉर्ड कंपनीशी झालेल्या करारानुसार त्यांनी दर सहा महिन्यांनी एक अल्बम द्यायचा होता. चार माणसांच्या गटालाही हा वेग जड गेला असता. येथे तर गीते लिहिणे, वाजवणे, गाणे आणि यंत्र चालवणे ही सगळी कामे एकाच माणसाकडे होती, आणि अल्बम पूर्ण व्हायला वर्षाच्या आसपास काळ लागत होता. मुदती चुकल्या आणि कंपनीने अडीच लाख डॉलरचा दावा लावला. 1971 मध्ये ‘मिरर’ आणि 1973 मध्ये ‘फेअरवेल टू पॅरडाइज’ हे अल्बम आले. त्यानंतर स्वतःच्या नव्या गीतांचा अल्बम काढणे त्यांनी थांबवले आणि इतरांच्या ध्वनिमुद्रणाची कामे केली. आपल्या गतीने चालणारी कारागिरी आणि कारखान्याच्या गतीने मागणी करणारा बाजार यांच्यातील हा संघर्ष होता, आणि तेविशीत एवढा गुणी गीतलेखक गप्प झाला ही अमेरिकन लोकप्रिय संगीताची खरीखुरी हानी आहे.

ऱ्होड्स यांचा पहिला अल्बम आला त्याच 1970 साली बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनीही लंडनच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्राला मायक्रोफोन थेट जोडून असाच अल्बम केला. त्यांच्या पाठीशी मोठे नाव आणि पैसा होता. पुढे 1994 च्या ऑक्टोबरात ड्रमर डेव्ह ग्रोल यांनी सिएटलजवळच्या स्टुडिओत सुमारे आठवड्याभरात एक पाहुणी गिटार सोडून सर्व काही स्वतः वाजवले आणि त्यावर फू फायटर्स हे बहुवचनी नाव घातले, ज्यायोगे श्रोत्यांना तो गट वाटावा. हा संकोच बोलका आहे: रॉकच्या श्रोत्याला अल्बममागे माणसांचा घोळका हवा असतो, आणि रंगमंचावर जाताना तो खरोखरच जमवावा लागतो. ग्रोल यांनी तो जमवला. तेव्हा त्यांनी एकट्याने वाजवलेला ड्रम शिकून घेणे दुसऱ्या ड्रमरच्या वाट्याला आले. मुळात जे कोणाच्याही साथीशिवाय घडले त्याची साथ करायला माणसे शिकतात, असा हा उलटा क्रम आहे.

आता संगणकावर ट्रॅकची मर्यादा व्यवहारात उरलेली नाही, निर्णय हवा तेवढा लांबवता येतो आणि लय यंत्राने सरळ करता येते. यामुळे एकट्या गीतलेखकाचे काम सोपे झाले हे निश्चित. पण ऱ्होड्स यांच्या 1970 च्या अल्बममधला प्रत्येक आवाज जसा जागा मोजून, गरज सिद्ध करून आत आलेला वाटतो, तसे अमर्याद थरांच्या आजच्या कामात क्वचितच वाटते.

ऱ्होड्स यांचा पुढचा नवा अल्बम, ‘रेनबो एंड्स’, 2016 मध्ये, म्हणजे 43 वर्षांनी आला. ज्यांनी त्यांची जुनी रेकॉर्ड आदराने ऐकली होती असे त्यांच्याहून तरुण वादक या वेळी त्यांच्यासोबत वाजवायला आले, आणि एके काळी सगळे ट्रॅक स्वतः भरणाऱ्या या माणसाने ड्रमसह बरीचशी वाद्ये त्यांच्या हाती सोपवली. आवाज वयाने जाडसर झाला आहे, चाली संथ आहेत आणि शब्दांत तुटलेल्या संसाराचे दुःख उघड आहे. पण गायक एखादी ओळ रेंगाळवतो तेव्हा मागचे वादक त्याच्यासाठी थांबतात, आणि हे थांबणे पहिल्या अल्बमच्या निर्दोष रचनेत कुठेही सापडत नाही. ऱ्होड्स 19 जुलै 2020 रोजी निवर्तले. हे दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकणाऱ्याला पहिला अधिक परिपूर्ण वाटेल, आणि तरी दुसऱ्यातले ते थांबणे ऐकण्यासाठी तो त्याच्याकडे पुन्हा वळेल.