माणदेशातून सावित्रीकाठी

सोलापूरहून मोटारसायकलने कोकणात उतरण्यासाठी पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, पुसेगाव अशी वाट धरली, म्हणजे प्रवासाचा पूर्वार्ध पर्जन्यछायेच्या मुलखात जातो. वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पावसावर गुजराण करणाऱ्या माण तालुक्यात, ऐन जुलैतही, चाकामागे धूळ उठत होती. आणि ज्या महाबळेश्वरी मला त्याच दिवशी पोहोचायचे होते तेथे वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पर्जन्य पडतो. मोटारीच्या काचेआडून हे अंतर केवळ दिसते; दुचाकीवर ते सर्वांगाला कळते. पुसेगावापुढे वाऱ्याला ओल आली, साताऱ्यात भुरभुर सुरू झाली आणि मेढा सोडून केळघर घाट चढू लागलो तेव्हा रेनकोटाच्या गळ्यातून पाणी छातीवर उतरू लागले होते.

दुसऱ्या दिवशी आंबेनळी घाटाने पोलादपूर गाठायचे होते. अंतर सुमारे ४० किलोमीटर, परंतु त्या अवकाशात रस्ता सह्याद्रीच्या माथ्यावरून जवळजवळ कोकणच्या सपाटीला येतो. धुके इतके दाट की दिव्याचा झोत वर केला तर समोर पांढरा पडदाच उभा राही. म्हणून झोत खाली ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या अवरोधावरच उतार सांभाळीत, डाव्या हाताच्या कठड्याच्या अनुरोधाने मी उतरत होतो. ड्रमब्रेकांची पकड भिजल्यावर बरीच कमी होते, तेव्हा ते अधूनमधून हलकेच दाबून, घर्षणाच्या उष्णतेने सुकते ठेवावे लागतात. अशा वाटेवर वेग ठरविण्याचा अधिकार स्वाराकडे उरत नाही, आणि तो नसण्यात कमीपणा आहे असे मला कधी वाटलेले नाही.

कुंभरोशीच्या खाली दरडीची माती अर्ध्या रस्त्यावर आली होती. जेसीबीने ती सारण्याचे काम चालू होते व रहदारी रोखून धरली होती. मी इंजिन सुरू ठेवूनच थांबलो, तोच डोक्यावर इरले घेतलेला एक वृद्ध मजूर जवळ आला आणि म्हणाला, “पाव्हणं, गाडी बंद करा. दगूड येताना आवाज करतो, त्यो आईकू आला पायजे.” सडकेच्या बंदोबस्ताविषयी इतके सूक्ष्म आणि अनुभवसिद्ध ज्ञान कोणत्याही दप्तरात नोंदलेले असेल असे मला वाटत नाही. जेसीबी बाजूला घेतल्यावर तो कड्याकडे कान देऊन काही वेळ उभा राहिला, आणि मगच त्याने एकेका वाहनास जाण्याची मुभा दिली.

क्षेत्र महाबळेश्वरी कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात. त्यांतली कृष्णा पूर्वेस वळून सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करीत बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री मात्र पश्चिमेचा कडा उतरून, थोडक्या वाटेने, बाणकोटच्या खाडीत शिरते. वाट आखूड आणि उतार तीव्र, म्हणून माथ्यावरचा पाऊस खाली यायला वेळ लागत नाही. महाडनजीक याच नदीवरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. पावसाळी रात्री त्या गाड्यांच्या चालकांनी पुढे रस्ता आहे याच विश्वासावर चाक पुढे नेले असेल, आणि प्रत्येक वाटसरू दुसरे काय करतो? तो विश्वास सांभाळणे हे सडकेची मालकी सांगणाऱ्या सरकारचे पहिले कर्तव्य आहे.

महाडच्या बाजारपेठेत चहासाठी थांबलो, तेव्हा माझ्या ओल्या कपड्यांकडे पाहून किराणा दुकानाच्या मालकांनी विचारले, “घाटातून आलात? वर पाऊस कसा आहे?”

“काका, कालपासून उसंत नाही. सगळे ओढे रस्त्यावर आलेत.”

त्यांनी भरतीची वेळ मुलाला विचारली. वरून पूर आणि समुद्राची भरती एका वेळी आली की सावित्रीचे पाणी खाडीत उतरू शकत नाही व ते बाजारात फुगते, हे येथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. भरती रात्रीची होती. माझ्या लेखी जो पाऊस केवळ मागे टाकलेली मजल होती, तो अजून त्यांच्याकडे यायचा होता. काकांनी तांदळाची पोती माळ्यावर चढविण्यास सांगितले. मी हातमोजे काढले आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहून पोती वर देऊ लागलो.