चित्राची किंमत आणि चित्रकाराचा रोज

हिवरा आश्रमच्या आमच्या घरात भिंतीवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. दोन्ही तसबिरी दीक्षाभूमीवरून आणलेल्या, छापील. आम्हाला त्या प्राणाहून प्रिय. तरीही हाताने रंगवलेले एखादे चित्र घरात असावे, ही माझी जुनी इच्छा. कारकुनाच्या पगारात ती मनातच राहिली होती.

गेल्या वर्षी मेहकरला एका पेंटरकडे एक चित्र दिसले. कमरेला झोळी बांधून कापूस वेचणारी बाई. माझी आई अशीच वेचायला जायची. हा पेंटर पूर्वी पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले आणि त्याचे काम गेले. किंमत विचारली. तो म्हणाला, "6 हजार." मी सवयीने बोलून गेलो, "3 हजारांत द्या."

तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "भाऊ, कापड, रंग आन् चौकटीला 2 हजार गेले. 12 दिवस बसलो. आता तुम्हीच सांगा."

मी बी.कॉम. झालेला माणूस. बसस्टँडवर येईपर्यंत भागाकार झाला. त्याच्या किमतीत त्याला रोज पडत होता 333 रुपये. माझ्या किमतीत 83. शेतमजुरांना किमान वेतन मिळावे म्हणून तहसीलवर मोर्चे नेणारा मी! माझी मला लाज वाटली.

घरी सांगितले. पत्नी म्हणाली, "आधी पोरीच्या फीचे पैसे बाजूला काढा, मग चित्राचं बोला." तिचे बरोबरच होते. दोघांनी वहीत हिशेब मांडला. फी, दवाखाना, किराणा यांना हात लावला नाही. माझा पान-तंबाखू बंद झाला. जयंतीला स्वतःच्या फोटोचा शुभेच्छा फलक लावायचो, तोही बंद केला. दरमहा 750 रुपये, 8 हप्ते. पेंटरने आनंदाने कबूल केले.

कला ही श्रीमंतांची मिरास आहे, असे आपण का समजावे? सुमारे 2 हजार वर्षांपूर्वीचे कार्ल्याचे चैत्यगृह पाहा. तिथले कितीतरी खांब वेगवेगळ्या माणसांनी एकेक करून दान दिलेले आहेत. धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने दाराचे दान दिले, आणि सामी नावाच्या सुताराने दार घडवले, असे लेख तिथे आहेत. देणाऱ्याचे नाव दगडावर आहे, तसेच घडवणाऱ्याचेही आहे.

शेवटचा हप्ता देऊन चित्र घेताना पाहिले, तर खाली नाव नव्हते. मी म्हणालो, "भाऊ, कोपऱ्यात तुमचे नाव घाला." त्याने ब्रश पुसला आणि सावकाश नाव लिहिले.

आता ते चित्र बैठकीत आहे. पत्नी ऊन लागू देत नाही, ओलीच्या भिंतीवर टांगू देत नाही. एकट्या घराला झेपत नसेल तर चार घरांनी मिळून विहारासाठी घ्यावे, लहान घ्यावे, हप्त्याने घ्यावे. पण कष्टकऱ्याच्या लेकरांनी कष्टाचा भाव पाडू नये.